शेतातलं पलटणीचं बटण: शोधायचं कसं, ओळखायचं कसं

केंटमधल्या एका शेतात मला पहिलं लष्करी बटण सापडलं तेव्हा मी ते बाटलीचं चपटलेलं बूच समजून कचऱ्याच्या खिशात टाकलं होतं. राखाडी रंगाची मळकट चकती, मागे तुटका कोंब. घरी येऊन नळाखाली धरली आणि ओल्या धातूवर '५०' हा आकडा उमटला. पाणी वाळलं की आकडा गायब, पुन्हा ओलं केलं की हजर. त्या संध्याकाळी स्वयंपाक राहिला आणि मी तासभर ओट्यापाशी उभी होते. सासूबाई फोनवर विचारत होत्या, "तिकडं जाऊन भंगार गोळा करतेस का गं?" खरं तर हो.

इंग्लंडात राहणाऱ्या आणि नव्यानं मेटल डिटेक्टर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. सोन्याच्या मोहरा डोक्यात ठेवून जाल तर तीन रविवारांत यंत्र माळ्यावर जाईल. बटणांवर मन बसलं तर मात्र कुठलंच शेत रिकामं वाटत नाही.

यंत्राआधी परवानगी

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिटेक्टर बाळगायला परवाना लागत नाही, पण जमीन कुणाची ना कुणाची असते. मालकाची परवानगी हवीच, आणि शेत खंडानं दिलेलं असेल तर कसणाऱ्याचीही. तोंडी चालते, पण लेखी घ्या. सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, किंमत आली तर वाटा कसा, हे त्याच कागदावर लिहून घ्या. माझ्या शेतकऱ्यानं पहिल्या भेटीत सरळ नाही म्हटलं होतं. दुसऱ्यांदा मी दिवाळीचा चिवडा घेऊन गेले आणि शेतातला लोखंडी कचरा उचलून नेईन असं सांगितलं. चिवड्यानं काम झालं की कचऱ्यानं ते माहीत नाही.

नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व घेतलंत तर विमा मिळतो. तुमच्या खड्ड्यात कुणाच्या गाईचा पाय गेला तर तो कामी येतो. शेतकरीही विमा आहे म्हटल्यावर जरा सैल होतात.

कुठं जायचंच नाही, तेही ऐका. संरक्षित प्राचीन स्थळांवर सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर फिरवणं हा १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तिथं मालकाची परवानगी उपयोगाची नाही. लष्करी विमान कोसळलेल्या जागा १९८६ च्या कायद्याखाली येतात. आपला विषयच लष्करी असल्यामुळे हे दुसरं जास्त लक्षात ठेवा. स्कॉटलंडात नियम वेगळे: तिथं सापडलेली प्रत्येक जुनी वस्तू राजसत्तेची आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरातन वस्तूंसाठी खोदताच येत नाही.

ट्रेझर ॲक्ट १९९६ चा आहे. सुटं पितळी किंवा प्युटरचं (कथील आणि शिशाच्या मिश्रणाचं) बटण सहसा त्यात येत नाही. पण ३०० वर्षांपेक्षा जुनं आणि किमान १० टक्के चांदी किंवा सोनं असलेलं बटण आलं तर १४ दिवसांत कळवावं लागतं. सतराव्या शतकातली चांदीची छोटी बटणं अशी निघतात, तेव्हा 'बटणच तर आहे' म्हणून खिशात घालू नका.

आणि सुट्टीत गावी जाताना यंत्र बॅगेत टाकण्याचा विचार असेल तर तो इथंच सोडा. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित गडांवर तर खोदणं १९५८ च्या कायद्यानं बंदच आहे. रायगडावर डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला मी तरी हौशी म्हणणार नाही.

बटण शेतात आलं कसं

नवीन माणूस हमखास एक चूक करतो, मीही केली. '५०' दिसल्याबरोबर मी ठरवून टाकलं की त्या शेतात पन्नासाव्या पलटणीचा तळ होता. नकाशे काढले, शेतकऱ्याला सांगितलं, त्यानं शेजाऱ्याला सांगितलं. वर्षभरानं त्याच शेतात आणखी पाच वेगवेगळ्या पलटणींची, एका रेल्वे कंपनीची आणि एका सरदार घराण्याच्या नोकरांच्या गणवेशाची बटणं निघाली. एवढे सगळे तिथं काय जेवणावळीला आले होते?

उत्तर चिंध्यांत आहे. १८१३ च्या सुमारास यॉर्कशरमधल्या बॅटली इथं बेंजामिन लॉ यानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायला सुरुवात केली. या मालाला शॉडी म्हणतात. गणवेश म्हणजे जाड लोकर. फाटला की भंगारवाल्याकडे आणि तिथून गिरणीत. बटणं काढून घेतली जायची, पण सगळीच निघायची असं नाही. सूत काढून उरलेला गाळ आणि कुजकट चिंध्या खत म्हणून शेतात जायच्या, कारण लोकरीत नायट्रोजन भरपूर आणि तो हळूहळू सुटतो. केंटमधल्या हॉप्सच्या मळ्यांत हे खत गाड्या भरभरून पडायचं. बिअरला कडवटपणा देणारी ती वेल, तिच्या मुळाशी अख्ख्या साम्राज्याचे फाटके कोट.

म्हणून एका शेतात विखुरलेली, निरनिराळ्या काळांतली, एकमेकांशी संबंध नसलेली बटणं आली तर खत समजा. तळ असेल तर चित्र वेगळं दिसतं: एकाच काळातली बटणं, सोबत शिशाच्या गोळ्या, बकलं, त्याच काळातली हलकी नाणी, आणि हे सगळं शेताच्या एखाद्या भागातच दाट. तळ होतेच. मेडस्टनजवळ कॉक्सहीथला १७७८ मध्ये फ्रेंच चढाईच्या धास्तीनं मोठी छावणी पडली होती. १७९० च्या दशकात आणि पुन्हा १८०३ च्या सुमारास गावोगाव स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या, त्यांची कवायत गावच्या कुरणातच व्हायची. १८५९ नंतर रायफल व्हॉलंटियर्स आले आणि त्यांच्यासोबत चांदमाऱ्या.

शोध घरूनच सुरू करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. 'रायफल रेंज', 'बॅरॅक फील्ड', 'कॅम्प' असे शब्द शोधा. मोडलेल्या पायवाटा, जत्रेची मैदानं, जुन्या खानावळींमागची कुरणंही बघा. सुटीवर आलेला शिपाई बटण तिथंच पाडणार.

एक विशेष जागा सांगते. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथं १७९७ पासून १८१४ पर्यंत फ्रेंच युद्धकैद्यांचा मोठा तळ होता. इंग्लंडच्या मातीत फ्रेंच पलटणीच्या आकड्याचं बटण निघालं तर दचकू नका, कैदीही कोट घालूनच आले होते. तळाची जागा संरक्षित आहे, तिथं जायचं नाही, पण कैदी आणि त्यांचे कपडे इंग्लंडभर फिरले.

यंत्र, कान आणि कुदळ

महागडं यंत्र लागत नाही. गॅरेट, नोक्टा, माइनलॅब यांपैकी कुणाचंही सुरुवातीचं मॉडेल पुरे. त्याशिवाय हातात धरायचा पिनपॉइंटर, धारदार छोटी कुदळ आणि दोन खिशांची पिशवी: एक खिसा मालाला, एक कचऱ्याला. माझं '५०' चुकीच्या खिशात गेलं होतं, म्हणून कचऱ्याचा खिसाही घरी नीट तपासा.

हंगाम म्हणजे पीक निघाल्यावर, साधारण ऑगस्ट अखेरपासून पेरणीपर्यंत. नुकत्याच नांगरलेल्या ढेकळांत कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची चकती, जमिनीला लागत नाही, आवाज फसतात. रोलर फिरून वर एक पाऊस झाला की शेत तयार. उगवत्या पिकात पाय ठेवायचा नाही.

कॉइल जमिनीलगत आणि आडवी ठेवा, हात हळू. केर काढताना झाडू जसा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून फिरवतो तसं, सुटलेली जागा राहू देऊ नका. आवाजासोबत यंत्राच्या पडद्यावर येणारा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरची दोन-तीन जुनी बटणं अंगणात ठेवून त्यांचा आवाज ऐका. पितळी बटण दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी तोच स्वच्छ सूर देतं. प्युटरचं बटण खालच्या सुरात बोलतं, डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कड्यांसारखं. नवशिके नेमका तोच पट्टा 'कचरा' म्हणून बंद करतात आणि शंभर वर्षांच्या शिपायांना गाळून टाकतात. मधला पट्टा उघडा ठेवा, कड्या निघतील त्या सोसा. मागे शिवण्यासाठी लोखंडी तारेची कडी असलेलं बटण सुराच्या शेवटी थोडं खरखरतं.

खोदताना आवाजाच्या मध्यापासून चार बोटं सोडून कुदळ घाला, नाहीतर बटणाचे दोन होतात. कुरणात असाल तर गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून झाकण उलटा, माती एका कापडावर काढा आणि सगळं होतं तसं परत बसवून पायानं दाबा. नांगराच्या थराखाली आवाज जात असेल, किंवा मातीत हाडं, भिंत, एकत्र ठेवलेल्या वस्तू दिसल्या तर थांबा. तिथून पुढचं काम पुरातत्त्ववाल्यांचं. चांदमारीजवळ किंवा जुन्या तळावर तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून लांब व्हा आणि ९९९ लावा.

प्रत्येक बटणाची जागा तिथल्या तिथं नोंदवा. फोनवर राष्ट्रीय ग्रिडचा, म्हणजे ब्रिटनच्या नकाशांवरच्या चौकटींचा, आठ आकडी संदर्भ घेतला तर दहा मीटरपर्यंत नेमका असतो, दहा आकडी घेतला तर एक मीटर. खत की तळ हा मघाचा प्रश्न या नोंदींवरच सुटतो. बटण हरवलं तरी चालेल, जागा हरवायला नको.

धुणं, म्हणजे जवळजवळ न धुणं

आपल्याकडे देवाची भांडी चिंच-मिठानं किंवा पितांबरीनं लखलखीत करायची सवय. ती सवय या बटणांना विष आहे. माझं दुसरं बटण अधिकाऱ्याचं होतं, हिरवट मातीखाली सोनेरी झाक दिसत होती. मी अर्ध लिंबू घेतलं. पाच मिनिटांत हिरवं गेलं, त्यासोबत सोनंही गेलं आणि हातात गुलाबी तांब्याची गुळगुळीत चकती उरली. हा मुलामा केसापेक्षा कितीतरी पट पातळ असतो. तो गंजाच्या थरावर तरंगत असतो, गंज काढला की तोही निघतो.

तर: साधं पाणी, डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम. बटण अर्धा तास बुडवा, लाकडी टूथपिकनं माती सैल करा, मऊ कापडावर टिपून वाळवा. पॉलिश, व्हिनेगर, कोक, तारेचा ब्रश, काही नाही. प्युटरला तर ब्रशही लावू नका, आणि त्यात शिसं असल्यानं हात साबणानं धुवा.

खूण दिसत नसेल तर खरवडण्याऐवजी उजेड बदला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बटणाच्या कडेशी जवळजवळ आडवा धरा आणि बटण हळू फिरवा. ज्या कोनात सावली पडते तिथं आकडा उठून येतो. त्या कोनातले चार फोटो काढा. माझ्या '५०' चा पाच हा बराच काळ तीन होता.

ओळख: मागून पुढं

पुढच्या चित्रावर झडप घालू नका. आधी बटण उलटं करा. ते कसं बनवलंय यावरूनच शतक कळतं, चित्र नंतर.

*ओतीव, एकसंध, राखाडी, कडी त्याच ओतात किंवा आत रुतवलेली:* प्युटर. ब्रिटिश पायदळात साध्या शिपायाचं बटण १८५५ पर्यंत हेच होतं, त्यानंतर पितळ आलं. शेतात याची कडी बहुधा तुटलेली असते.

*पातळ पत्रा, बाटलीच्या बुचासारखा चुरगळलेला, मागे काहीच नाही:* टाकू नका. अठराव्या शतकातल्या अधिकाऱ्यांची बटणं हाडाच्या किंवा लाकडाच्या चकतीवर चांदीचा किंवा सोनेरी पत्रा दाबून केलेली असत, मागे तातेच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, दोऱ्या. हाड कुजतं, पत्रा राहतो. कधी चार भोकांची हाडाची चकती वेगळी सापडते.

*दोन पत्रे, पुढचा फुगीर, कडा मागच्यावर दुमडलेली, पोकळ:* बर्मिंगहॅमच्या बेंजामिन सँडर्सनं १८१३ मध्ये या रीतीचं पेटंट घेतलं. पुढं प्युटर गेल्यावर बहुतेक लष्करी बटणं अशीच.

*हलकं, पिवळं चकचकीत, जणू काल शिवलेलं:* स्टेब्राइट, म्हणजे रंग चढवलेलं ॲल्युमिनियम, १९५० च्या दशकापासूनचं. शिपायांना पॉलिशचा त्रास वाचला आणि संग्राहकांचा रस गेला.

आता पुढची बाजू. आकडा असेल तर तुमचं नशीब. पलटणीचा नंबर बटणावर घालण्याचा हुकूम १७६७ चा, त्यामुळे आकड्याचं बटण त्याआधीचं नसतं. शेवटही ठरलेला आहे: साध्या शिपायांची आकडी बटणं १८७१ मध्ये बंद होऊन सर्वांना राजचिन्हाचं एकसारखं 'जनरल सर्व्हिस' बटण आलं, अधिकाऱ्यांची १८८१ पर्यंत चालली. त्या वर्षी नंबरच रद्द झाले आणि पलटणींना परगण्यांची नावं मिळाली. माझी पन्नासावी आणि सत्त्याण्णवावी एकत्र होऊन वेस्ट केंटची पलटण झाली. म्हणजे माझं प्युटरचं '५०' हे १७६७ ते १८५५ मधलं, एवढं मागची बाजू आणि एक आकडा मिळून सांगतात.

आकडा शोधताना आपल्या इतिहासाशी अचानक गाठ पडते. ७४ किंवा ७८ दिसलं तर थांबून बघा: २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर याच दोन पलटणी उभ्या होत्या. बटण नेमकं तिथून आलं असं मुळीच नाही. पण नंबर वाचताना अंगावर काटा येतो, तो येऊ द्यावा.

आणि १०३ दिसलं तर घाई नको. १८६२ च्या सुमारास कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणी राणीच्या फौजेत घेतल्या गेल्या, तेव्हा १०३ हा नंबर रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्सना मिळाला. १८८१ मध्ये ते डब्लिनच्या पलटणीत गेले. पुढे भारतीय फौजेची फेरमांडणी झाली तेव्हा १०३ नंबर मराठा लाइट इन्फंट्रीचा झाला, तो १९२२ पर्यंत. एकच आकडा, दोन पलटणी, एक गोऱ्या शिपायांची आणि एक आपल्या. निवाडा चित्रावर: बिगुल लाइट इन्फंट्रीचं चिन्ह, ज्वाळा फुटलेला गोळा फ्युजिलियर्सचा. १०६ आणि १०९ हेही मुंबईचेच नंबर, तेही १८८१ मध्ये डरहॅम आणि लेन्स्टरच्या नावांत विरून गेले.

कंपनी सरकारचं स्वतःचं बटण ओळखायला सोपं आहे: मागच्या पायांवर उभा सिंह, पुढच्या पंजांत मुकुट. क्रॉयडनजवळ ॲडिसकोंबला १८०९ ते १८६१ कंपनीचे कॅडेट शिकत, आणि १८४० च्या दशकापासून एसेक्समधल्या वॉर्लीला भारतात पाठवायच्या शिपायांचा डेपो होता. त्यामुळे हा सिंह इंग्लंडच्या मातीत भेटतो. माझ्याकडे एक आहे, अर्धा. नांगरानं सिंह ठेवला, मुकुट नेला.

मुकुट हे तारखेचं दुसरं घड्याळ. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित दबलेल्या, १९०१ पासून १९५२ पर्यंतच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढलेल्या, एलिझाबेथच्या पुन्हा मध्यात दबलेल्या. व्हिक्टोरिया आणि एलिझाबेथ यांत गोंधळ होतोच, तेव्हा धातू बघा. २०२२ मध्ये चार्ल्स राजानं घुमटाचा मुकुट परत आणला, पण तो शेतात पडायला अजून वेळ आहे. पूर्ण राजचिन्ह असेल तर भिंग घेऊन ढालीत डोकवा. फ्रान्सची कमळं असतील तर १८०१ च्या आधीचं. मध्यभागी छोटी वेगळी ढाल असेल तर हॅनोव्हरची, १८०१ ते १८३७ मधली. दोन्ही नसेल तर व्हिक्टोरिया किंवा नंतरचं. नवशिक्याला सर्वांत जास्त मिळणारं लष्करी बटण हेच पितळी, सिंह आणि युनिकॉर्नचं, बहुतेकदा पहिल्या महायुद्धाच्या कोटावरचं.

बाकीचं झटपट. दोर गुंडाळलेला जहाजाचा नांगर म्हणजे आरमाराचा अधिकारी, १७७४ पासून. वर मुकुट असेल तर १८१२ नंतरचा. तोफा म्हणजे तोफखाना, जुन्यांवर तीन, नंतरच्यांवर एक. पंख पसरलेला पक्षी आणि मुकुट म्हणजे हवाई दल, १९१८ पासून. अधिकाऱ्याचं बटण चंदेरी आणि १८३० ते १८८१ मधलं वाटत असेल तर मिलिशिया किंवा व्हॉलंटियर, म्हणजे कायम फौजेबाहेरच्या तुकड्या, समजा, कारण १८३० मध्ये चौथ्या विल्यमनं कायम फौजेला सोनेरी बटणं दिली.

मग पुन्हा पाठ. तिथं गोल लिहिलेली अक्षरं असतात, त्यांना बॅकमार्क म्हणतात. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कारखाने जागा बदलत आणि पत्त्यावरून साल लागतं. लंडनचे फर्मिन आणि जेनन्स ही नावं वारंवार येतील. 'बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम' असेल तर १९०७ नंतरचं, कारण ती कंपनीच तेव्हा बनली. पण 'ट्रेबल गिल्ट', 'रिच कलर', 'स्टँडर्ड', 'प्लेटेड' हे शब्द पलटणीची नावं नव्हेत. मुलाम्याच्या नावाखाली फसवाफसवी वाढली म्हणून १७९६ मध्ये संसदेनं सोनेरी आणि चंदेरी बटणांबद्दल कायदाच केला. तेव्हापासून कारखानदार 'आमचा मुलामा अस्सल' असं मागे छापत बसले. सराफाच्या पाटीवर 'शुद्धतेची हमी' असते ना, तेच.

फसवी मंडळी

पितळी टोपी, कडेवर 'ईली' आणि मध्ये '१२'. ही बारावी पलटण नव्हे, बारा बोअरच्या बंदुकीचं काडतूस आहे. अशी शेकड्यानं मिळतील. पहिलं मिळालं तेव्हा मी बाराव्या पलटणीचा इतिहास वाचून काढला होता.

त्याहून बेमालूम फसवतात ती लिव्हरीची बटणं, म्हणजे बड्या घराण्यांच्या गाडीवानांची आणि नोकरांची. त्याच कारखान्यांची, तोच मुलामा, वर सिंह, गरुड, तलवार धरलेला हात. खूण एक: चित्राखाली पिळलेल्या दोराची छोटी आडवी पट्टी असेल तर ते घराण्याचं मानचिन्ह, पलटणीचं नव्हे. पोलीस, पोस्ट, रेल्वे, अग्निशमन यांच्यावरही मुकुट असतो. जहाज कंपन्यांवर नांगर असतो. पुढच्या बाजूची सगळी अक्षरं वाचल्याशिवाय शिपाई म्हणू नका.

ठेवायचं कुठं, दाखवायचं कुणाला

प्रत्येक परगण्यात पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे फाइंड्स लायझन ऑफिसर असतात. ते मुख्यतः ३०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू नोंदवतात, त्यामुळे तुमचं पहिल्या महायुद्धाचं बटण ते हसून परत देतील. पण जुनं काही असेल, किंवा एका ठिकाणी एकाच पलटणीची बरीच बटणं निघाली, तर जागेच्या नोंदीसह नक्की दाखवा. आणि शेतकऱ्याला वर्षातून एकदा एक फ्रेम करून द्या. माझ्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याच्याच शेतातली सात बटणं टांगली आहेत, परवानगीचं नूतनीकरण मला कधी मागावं लागलं नाही.

घरी ठेवताना ओकच्या सुंदर पेटीचा मोह टाळा. ओक आणि साधा पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशाचं बटण पांढरं पडून भुगा होतं. आम्लरहित कागद, छोट्या पॉलिथीन पिशव्या आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल एवढं पुरे. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: तारीख, शेत, ग्रिड, खोली, आणि तुम्हाला काय वाटतं ते पेन्सिलीनं, कारण मत बदलतं. माझ्या गुलाबी, गुळगुळीत बटणाचीही पिशवी आहे. तिच्या चिठ्ठीवर 'काय' या रकान्यात 'अधिकारी, बहुधा १८३० नंतर' असं आहे आणि 'अवस्था' या रकान्यात 'लिंबू'.